403 − 158 चं उत्तर 355 का आलं?

शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या, पेपर एकमध्ये 30 गुण गणिताला आणि 30 गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला असतात. उरलेले 90 दोन भाषा आणि परिसर अभ्यास यांचे. एकूण 150 प्रश्न, अडीच तास, आणि खुल्या प्रवर्गातून पात्र व्हायला 90 गुण. मराठी चांगलं असलेली, परिसर अभ्यास मन लावून केलेली मुलंमुलीही अडतात ती बहुधा पहिल्या दोन विषयांत. मीही तिथंच अडले होते.

तालुक्याच्या गावी ज्या क्लासला मी जायचे, तिथं गणित म्हणजे ट्रिक्स. काळ-काम-वेग, शेकडेवारी, नफा-तोटा, सगळं पोलीस भरती आणि तलाठी भरतीच्या मुलांबरोबर एकाच बॅचमध्ये. मानसशास्त्र म्हणजे झेरॉक्स नोट्स: पियाजेच्या चार अवस्था, कोहलबर्गचे तीन स्तर आणि सहा टप्पे, गार्डनरचा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त 1983 सालचा. अभ्यासिकेत बसून हे सगळं तोंडपाठ झालं. पण पेपरात ‘अवस्था किती’ हा सोपा प्रश्न एखादाच असतो. बाकीच्या प्रश्नांत एक मूल असतं. ते काहीतरी करतं, बोलतं किंवा चुकतं, आणि शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल असं विचारलेलं असतं. माझ्या नोट्समध्ये ते मूल कुठंच नव्हतं.

ते मला सापडलं शिकवणीच्या मुलांच्या वह्यांत. शेजारच्या तिसरीतल्या मुलीनं 403 − 158 हे उदाहरण मांडलं आणि खाली लिहिलं 355. कसं केलंस, असं विचारल्यावर ती म्हणाली, “ताई, आठातून तीन गेले पाच. पाचातून शून्य गेलं पाच. चारातून एक गेला तीन.” यातली एकही वजाबाकी चुकलेली नव्हती. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम तिनं मनाशी बसवला होता आणि तो शेवटपर्यंत नेटानं पाळला होता.

आता हाच प्रसंग परीक्षेतला प्रश्न म्हणून वाचा. पर्याय साधारण असे येतात: तिचा सराव कमी आहे, तिला एकअंकी वजाबाकी येत नाही, तिचं लक्ष नाही, तिची स्थानिक किमतीची समज कच्ची आहे. नुसता ताळा पाहून 245 हे बरोबर उत्तर काढणारा उमेदवार सरावाच्या पर्यायापाशी घोटाळतो. जिनं तिच्या तोंडून रीत ऐकलीय तिला पहिले तीन पर्याय क्षणात गाळता येतात. सराव वाढवला असता तर तो चुकीचाच नियम आणखी पक्का झाला असता.

मग मी काड्यांचे गठ्ठे काढले. 403 मध्ये दशकाचा गठ्ठाच नाही. म्हणून शंभराचा गठ्ठा सोडून दहा दशकं करायची, त्यातलं एक दशक सोडून दहा सुट्या काड्या करायच्या. पियाजेच्या मांडणीत साधारण 7 ते 11 वर्षांचं मूल मूर्त क्रियात्मक अवस्थेत असतं. वस्तू हाताळून त्याला तर्क जमतो, नुसत्या चिन्हांवर अडतो. गठ्ठे सोडताना मी तिला एवढंच विचारत होते, “दशकाच्या घरात काही आहे का गं?” पुढच्या उदाहरणांत तो प्रश्न ती स्वतःच पुटपुटू लागली, तेव्हा मी विचारणं सोडलं. व्हायगॉट्स्कीचं समीपस्थ विकासाचं क्षेत्र, त्यात द्यायचा आधार आणि तो हळूहळू काढून घेणं, हे वहीच्या एका पानावर मला जेवढं कळलं तेवढं झेरॉक्समधून कधीच कळलं नव्हतं.

तेव्हापासून मी चुकांची वही ठेवली, आणि तयारी करणाऱ्या प्रत्येकीला मी ती ठेवायला सांगते. एखादा मुलगा 1/3 + 1/4 = 2/7 लिहितो. 2/7 तर एकट्या 1/3 पेक्षाही लहान आहे, हे त्याला कागदाच्या पट्ट्यांनी दाखवता येतं. दुसरी 0.25 ला 0.3 पेक्षा मोठं म्हणते, कारण 25 हे 3 पेक्षा मोठं. तिसरा तिरका काढलेला चौरस ओळखत नाही, ‘हा पतंग आहे’ म्हणतो. आकार गुणधर्मांवरून न ओळखता दिसण्यावरून ओळखणं ही व्हॅन हीली यांनी मांडलेली भूमितीच्या आकलनाची पहिली पातळी. बासष्ट ऐकून 26 लिहिणारी मुलं तर प्रत्येक वर्गात भेटतात, कारण कानावर एकक आधी पडतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ दोन’ अशी जोडवाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या बदलामागे मुलांची हीच अडचण असल्याचं सांगितलं होतं. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

गणित सोडवावं तर लागतंच. त्यासाठी बालभारतीची पहिली ते आठवीची पुस्तकं पुरी करा, ती संकेतस्थळावर मोफत मिळतात. प्रत्येक रीत ‘हे असं का’ या प्रश्नासकट करा, कारण ट्रिक प्रश्नाचं वळण बदललं की हात सोडते. नावं आणि सिद्धान्त यांचा तक्ता एका कागदावर मावतो, तो भिंतीला लावा. पर्याय निवडताना कायदाही लक्षात ठेवा: शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना करतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. त्यामुळे मुलाला दटावणारा, वेगळं बसवणारा किंवा सगळा दोष घरच्यांवर ढकलणारा पर्याय उत्तर म्हणून जवळजवळ कधीच बरोबर नसतो.

पेपरात बालमानसशास्त्र ताज्या डोक्यानं आधी सोडवा. गणितातल्या एका उदाहरणावर अडून बसू नका, खूण करून पुढं जा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा उत्तरपत्रिकेतलं एकही वर्तुळ रिकामं ठेवू नका.

1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सेवेची पाच वर्षांहून जास्त वर्षं उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं भाग पडलं. वीस-वीस वर्षं वर्ग सांभाळलेले गुरुजी आणि बाई आता धास्तावून गाईड विकत घेताना दिसतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की गाईड नंतर उघडा. मला शोधत फिरावी लागली ती सामग्री रोज तुमच्या टेबलावर गठ्ठ्यानं येऊन पडते. चुकलेल्या उत्तरावर फुली मारण्याआधी त्या मुलाला जवळ बोलवा, ‘कसं केलंस’ विचारा, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा.