वर्गातील जागा आणि राहण्याची खोली

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपल्या शिष्यवृत्त्यांविषयी चार शब्द लिहावेत, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आली. रकमा व विद्यार्थ्यांची संख्या अहवालात येणारच आहे. म्हणून मी त्यामागील प्रश्नच घेतो. शिष्यवृत्ती कोणास द्यावी? ज्याचे गुण अधिक त्यास, हे उत्तर सोपे आहे, आणि आपण बहुतेक वर्षे तेच देत आलो. परंतु या प्रश्नाचा खल कोल्हापूरच्या दरबारापासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत शंभराहून अधिक वर्षे चालला आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या धार-देवासच्या राजघराण्यांतूनही गेला आहे.

राजर्षी शाहू छत्रपतींनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. महाराज तेव्हा विलायतेत होते. हा हुकूम सर्वांच्या परिचयाचा आहे. मला मात्र त्याच्या आधीची एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. 1901 मध्ये महाराजांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले. पुढे जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे निघाली, आणि 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. जातवार बोर्डिंगे काढून महाराजांनी जातिभेद वाढविला, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला व आजही कधी कधी ऐकू येतो. पण खेड्यातल्या मुलाची अडचण काय होती? शाळेचा दरवाजा उघडा असला तरी रात्री पाठ टेकायची कोठे आणि दोन वेळची भाकरी कोण घालणार, ही. नोकरीतल्या निम्म्या जागा राखल्या तरी त्यांवर बसण्याइतके शिकलेले तरुण आधी तयार व्हायला हवे होते. म्हणून हुकमाच्या आधी बोर्डिंग आले, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

याच महाराजांच्या कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब 1908 मध्ये देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांना दिल्या. त्यांचेच चिरंजीव विक्रमसिंहराव 1947 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. आणि धार? नाशिकला 1914 मध्ये बहुजन समाजातील मुलांसाठी जे बोर्डिंग उभे राहिले, त्याचे नावच उदोजी मराठा बोर्डिंग. हे नाव आपल्या धारच्या उदाजीराव महाराजांचे आहे. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या मुलांच्या कित्येक पिढ्या त्या छपराखाली शिकल्या. धारमधल्या आपल्या तरुण मंडळींपैकी हे किती जणांस ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

आता आपल्या शेजारच्या महूकडे वळू. तेथील छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी डॉ. भीमराव आंबेडकर जन्मले. साताऱ्याच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळाला होता, हे आपण विसरतो. दार बंद नव्हते. पण बसायला घरून आणलेले गोणपाट, तेही इतरांपासून दूर, आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावयाचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी कॉलेजसाठी दरमहा 25 रुपये दिले, आणि 1913 मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. 1917 मध्ये तीच शिष्यवृत्तीची अट पुरी करण्यासाठी ते बडोद्यास नोकरीवर हजर झाले. दरबारात जागा मिळाली, गावात खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. सारा दिवस बागेत काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. सयाजीरावांच्या औदार्यात काही उणे नव्हते. उणी पडली ती एक खोली.

गंमत अशी, की ज्या अमेरिकेत आंबेडकरांना मोकळा श्वास मिळाला, त्याच अमेरिकेत निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या लोकांची स्थिती त्यांच्या साताऱ्यातील स्थितीहून फारशी वेगळी नव्हती. आंबेडकरांनी 1946 मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले, ते उगाच नव्हे. जॉर्ज मॅक्लॉरिन नावाच्या एका कृष्णवर्णीय शिक्षकाचेच उदाहरण पाहा. न्यायालयाच्या हुकमाने ओक्लाहोमा विद्यापीठाला त्यांना प्रवेश द्यावा लागला. मग विद्यापीठाने काय करावे? त्यांची खुर्ची वर्गाला लागून असलेल्या बाजूच्या खोलीत मांडली; ग्रंथालयात ठराविक मेज नेमून दिले; उपाहारगृहात जेवणाची वेळ व टेबल निराळे ठेवले. साताऱ्याचे गोणपाटच ते! 5 जून 1950 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार घटनाबाह्य ठरविला, आणि 1954 मध्ये ब्राउन खटल्यात गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळाच बेकायदा ठरल्या.

पण कायदा झाला म्हणजे शेकडो वर्षांची तूट भरून निघत नाही. 1965 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी हॉवर्ड विद्यापीठात सांगितले, की वर्षानुवर्षे साखळदंडात जखडलेल्या माणसाला शर्यतीच्या रेघेवर आणून 'आता धाव' म्हणणे हा न्याय नव्हे. तेथे ज्यास अफर्मेटिव्ह ॲक्शन म्हणतात, म्हणजे मागे ठेवल्या गेलेल्यांना पुढे आणण्यासाठी मुद्दाम केलेली उपाययोजना, त्यामागील विचार हाच. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने 100 पैकी 16 जागा अशा राखल्या. ॲलन बॅकी या गोऱ्या उमेदवारास त्या जागांवरील काहींहून अधिक गुण असूनही प्रवेश नाकारला गेला. तो न्यायालयात गेला. 1978 मध्ये निकाल लागला, की जागांचा ठराविक आकडा राखता येणार नाही, मात्र वंशाचा विचार इतर गोष्टींबरोबर करता येईल. 29 जून 2023 रोजी हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना यांच्या खटल्यांत हीही मुभा न्यायालयाने काढून घेतली. वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडले, हे उमेदवाराने अर्जात लिहावे, एवढे मात्र शिल्लक राहिले.

आपल्याकडे रस्ता उलटा गेला. मद्रासच्या जातवार प्रवेशाच्या हुकमाविरुद्ध चंपकम दोराईराजन यांनी दाद मागितली. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला, आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने शिक्षणातील राखीव जागांना घटनेतच आधार देण्यात आला. बॅकीची वा चंपकमबाईंची तक्रार मला खोटी वाटत नाही. आपल्या सभासदांच्या घरांतही असे निःश्वास ऐकू येतात, आणि त्यांना हसून चालणार नाही. परंतु दोन्ही देशांतील हा सारा वाद दारातील जागेभोवती फिरला. आत गेल्यावर तो मुलगा टिकतो कसा, याकडे वकिलांचे लक्ष कमी गेले. ते ओळखले होते शाहू महाराजांनी.

आता आपल्या घरचे. काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती समितीवर असताना दोन अर्ज माझ्यासमोर होते. एका मुलीस 91 टक्के. वडील इंदूरला अधिकारी, घरी शिकवणी, स्वतंत्र खोली. दुसरा मुलगा देवासजवळच्या खेड्यातला, 74 टक्के. वडील दुसऱ्याचे शेत वाट्याने करीत, मुलगा रोज दोन बसगाड्या बदलून कॉलेजास येई. आम्ही नियमाप्रमाणे मुलीस रक्कम दिली. नियम मीही मान्य केला होता. दोष कोणास देऊ? त्या मुलाने दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडले. इंदूरला खोली व खाणावळीचा खर्च झेपला नाही, असे त्याच्या काकांनी सांगितले. त्याला आमच्याकडून शिष्यवृत्तीसुद्धा नको होती. दहा महिन्यांचे खोलीभाडे पुरले असते.

महोत्सवी निधीतून नवे शिष्यवृत्ती खाते उघडावयाचे ठरले आहे आणि अर्जाचा नमुना अद्याप छापून झालेला नाही. त्यात गुणांच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने असावेत, अशी माझी सभासदांस विनंती आहे: घरात प्रथमच कॉलेजात जाणारा आहे काय, राहण्याची व्यवस्था कोठे, आणि दरमहा किती कमी पडते. निम्मी रक्कम गुणांवर राहू द्यावी, निम्मी या तीन उत्तरांवर. इंदुरात दोन खोल्या भाड्याने घेऊन त्या ट्रस्टच्या नावे ठेवता आल्या तर फारच बरे. भाड्याचा अंदाज मी कार्यवाहांकडे लिहून दिला आहे. तो आपण वार्षिक सभेपूर्वी जरूर पाहावा.