उष्मांकांची गरज : व्यक्तीची आणि देशाची

दारिद्र्यरेषेचा अभ्यास करताना ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० उष्मांक हे आकडे विद्यार्थी पाठ करतात. परंतु हे आकडे नेमके कशाचे आहेत आणि ते एखाद्या व्यक्तीच्या आहाराला लागू पडतात काय, याचा विचार क्वचितच केला जातो. परिणामी उत्तर लिहिताना समूहाची सरासरी आणि व्यक्तीची गरज यांची गल्लत होते. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उष्मांक म्हणजे काय?

एक किलो पाण्याचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. आहारशास्त्रात व्यवहारात यालाच उष्मांक म्हटले जाते. एक ग्रॅम कर्बोदकांपासून किंवा प्रथिनांपासून सुमारे ४, तर स्निग्ध पदार्थांपासून सुमारे ९ उष्मांक मिळतात. म्हणूनच तेल-तुपाचे प्रमाण थोडे वाढले तरी आहारातील ऊर्जा बरीच वाढते.

व्यक्तीची गरज कशी काढावी?

शरीर पूर्ण विश्रांतीत असतानाही श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूचे कार्य इत्यादींसाठी ऊर्जा खर्च होते. यास मूलभूत चयापचय दर म्हणतात. या दराला श्रमाच्या गुणकाने गुणले की दैनंदिन गरजेचा अंदाज मिळतो. बैठ्या कामासाठी १.४, मध्यम श्रमासाठी १.८ आणि जड श्रमासाठी २.३ असे गुणक धरले जातात.

१८ ते ३० वर्षे वयोगटासाठी हा दर काढण्याची आंतरराष्ट्रीय सूत्रे अशी आहेत :

पुरुष : (१५.१ × वजन किलोग्रॅममध्ये) + ६९२
स्त्री : (१४.८ × वजन किलोग्रॅममध्ये) + ४८७

भारतीयांचा दर याहून काहीसा कमी आढळत असल्याने उत्तरातून साधारणतः १० टक्के वजा करावे लागतात. समजा, एका २२ वर्षीय विद्यार्थिनीचे वजन ५२ किलो आहे. सूत्रानुसार उत्तर १२५७ येते. १० टक्के वजा जाता ११३१ उरतात. दिवसभर बैठा अभ्यास असल्यास तिची गरज सुमारे १५८० उष्मांक, तर मध्यम श्रमाचे काम असल्यास सुमारे २०४० उष्मांक ठरते. वय व वजन तेच असूनही केवळ श्रमामुळे सुमारे ४५० उष्मांकांचा फरक पडतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ६५ किलो वजनाच्या संदर्भ पुरुषासाठी श्रमानुसार २११०, २७१० व ३४७०, तर ५५ किलो वजनाच्या संदर्भ स्त्रीसाठी १६६०, २१३० व २७२० उष्मांक निश्चित केले. गर्भवती स्त्रीस दररोज ३५० उष्मांक अधिक लागतात.

वजनाचे नियोजन

वजन योग्य आहे किंवा नाही हे शरीर वस्तुमान निर्देशांकावरून पाहतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. वरील विद्यार्थिनीची उंची १६० सेंटिमीटर असल्यास तो २०.३ येतो. १८.५ पेक्षा कमी निर्देशांक कृशता दर्शवितो. भारतीयांमध्ये कमी वजनावरही मधुमेह व हृदयविकाराचा धोका संभवत असल्याने २३ पासूनच सावध राहणे इष्ट होय.

शरीरातील एक किलो मेदात सुमारे ७७०० उष्मांक साठविलेले असतात. त्यामुळे दररोज ५०० उष्मांकांची तूट ठेवल्यास आरंभी आठवड्याला सुमारे अर्धा किलो वजन घटते. पुढे शरीर खर्च कमी करू लागते व घट मंदावते. म्हणून उपासमारीपेक्षा तेल व साखर कमी करणे, डाळी, भाज्या व फळे वाढविणे आणि नियमित व्यायाम हाच टिकाऊ मार्ग ठरतो.

देशाची सरासरी

पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये २२५० उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याचे मोजमाप मांडले. नियोजन आयोगाच्या अलघ कृतिदलाने १९७९ मध्ये २४०० व २१०० हे निकष दिले. ते लोकसंख्येतील वय, लिंग व व्यवसाय यांवरून काढलेल्या सरासरी होत्या. ग्रामीण भागात अंगमेहनत अधिक, म्हणून तेथील आकडा मोठा होता. तेंडुलकर समितीने २००९ मध्ये केवळ उष्मांकांशी जोडलेली रेषा सोडून दिली. रंगराजन गटाने २०१४ मध्ये ग्रामीण भागासाठी २१५५ व शहरी भागासाठी २०९० उष्मांक धरले. शिवाय प्रथिने व स्निग्ध पदार्थांचाही विचार केला.

सरासरीमागे विषमता कशी दडते, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) वरून दिसते. १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया कृश, तर २४ टक्के स्त्रिया अतिवजनी अथवा स्थूल आढळल्या. याच वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजेच उष्मांक पुरेसे मिळाले तरी पोषण पुरेसे झाले असे म्हणता येत नाही.

तात्पर्य, राष्ट्रीय निकष हे नियोजनाचे साधन आहे. ते कोणाच्याही ताटाचे माप नव्हे. व्यक्तीची गरज तिचे वय, वजन व श्रम यांवरून ठरते, आणि अन्नविषयक धोरणाने धान्याच्या पुरवठ्याबरोबरच आहाराच्या गुणवत्तेचाही विचार करणे अगत्याचे आहे.