वहीतले पद आणि गळ्यातले पद

गेल्या पावसाळ्यात संगीताचे शिक्षक रजेवर असल्यामुळे इयत्ता नववीचा त्यांचा तास आमच्या वाट्यास आला. आम्ही मराठी व इतिहास शिकविणारे. तेव्हा गाण्याविषयी गप्पा मारण्यापलीकडे आमच्या हातून काही होण्याजोगे नव्हते. त्या गप्पांत एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, गाणे स्वरलिपीत लिहिलेले असते, मोबाइलवर हवे तितके वेळा ऐकताही येते, मग ते शिकण्यासाठी गुरूच्या घरी खेटे कशाला घालायचे?" प्रश्न प्रामाणिक होता. उत्तर आमच्यापाशी होते, परंतु घंटा झाली आणि आम्हीही ती झाल्याचे समाधान मानले. ते उत्तर आता या वार्षिकांकाच्या निमित्ताने देत आहोत.

उत्तरासाठी आम्ही कर्नाटक संगीताचा आधार घेणार आहोत. बेळगावच्या मुलांना 'कर्नाटक संगीत' म्हटले की ते आपल्या राज्याचे संगीत असे वाटते. म्हैसूरच्या बाजूस ते नांदते हे खरे. पण त्याची मोठी पेठ तंजावर, कुंभकोणम् आणि मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, या भागात. त्यातील बहुतेक रचना मात्र तेलुगू व संस्कृत भाषेत आहेत. तमिळ बोलणाऱ्या घराण्यांनी तेलुगू गीते पिढ्यान्‌पिढ्या प्राणापलीकडे जपावी, ही गोष्ट घरी कोंकणी बोलून शाळेत मराठी शिकविणाऱ्या आमच्यासारख्याला विशेष जवळची वाटते.

प्रथम एक प्रयोग करा. हार्मोनियमवर सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी आणि वरचा सा असे स्वर वाजवा. आपल्याकडील कोणीही जाणता म्हणेल, ही भैरवी. हेच स्वर कागदावर लिहून तंजावरकडील एखाद्या विद्यार्थ्यापुढे ठेवले, तर तो म्हणेल, ही तोडी. (आपल्याकडील तोडी निराळी, तीत मध्यम तीव्र असतो.) दोघांचेही म्हणणे खरे. परंतु तो गाऊ लागला की तुम्ही चकित व्हाल, कारण त्यात भैरवीची ओळख पटणार नाही. त्याचा गंधार जागेवर स्थिर उभाच राहत नाही. तो खाली ऋषभाकडे झुकतो, वर मध्यमाकडे झेपावतो, आणि या आंदोलनातून जो भास उत्पन्न होतो त्यालाच ते लोक तोडीचा गंधार म्हणतात. कागदावर मात्र दोन्हीकडे 'ग' हे एकच अक्षर. या आंदोलनास, आणि स्वराला दिल्या जाणाऱ्या अशा सर्व वळणांस, 'गमक' अशी संज्ञा आहे. कर्नाटक संगीतात गमक हा अलंकार नव्हे. अलंकार उतरवून ठेवता येतो. येथे गमक काढले तर रागच नाहीसा होतो.

मग हे लिहून ठेवण्याचा प्रयत्न कोणी केलाच नाही काय? केला, आणि फार मोठा केला. मुत्तुस्वामी दीक्षित हे त्यागराज व श्यामा शास्त्री यांच्या बरोबरीने कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तीत गणले जातात. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की त्यांचे चार शिष्य, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे बंधू, तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजे भोसल्यांच्या दरबारी होते. दीक्षितांचे 1835 साली एट्टयपुरम् येथे देहावसान झाले. त्यांचे धाकटे बंधू बालुस्वामी त्याच संस्थानात दरबारी विद्वान होते. बालुस्वामींनी आपल्या मुलीचा मुलगा दत्तक घेतला. तेच सुब्बराम दीक्षित (1839-1906). मुत्तुस्वामींच्या दुर्मिळ कृतींचा ठेवा यांच्या कंठात होता, आणि तो सर्वांपुढे ठेवावा अशी त्यांची प्रारंभी तितकी इच्छा नव्हती, असे सांगतात. चिन्नस्वामी मुदलियार नावाचे एक विद्वान गृहस्थ त्यांच्या मागे लागले. त्यांनी एट्टयपुरम्‌च्या राजांनाही गळ घातली, आणि 1904 साली 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा सुमारे सतराशे पृष्ठांचा ग्रंथ तेलुगू लिपीत छापून निघाला. त्यात मुत्तुस्वामींच्या दोनशेंहून अधिक कृती स्वरांसह आहेत. नुसते स्वर लिहून भागत नाही हे सुब्बराम दीक्षित पूर्णपणे जाणून होते. म्हणून त्यांनी कंपित, स्फुरित, नोक्कु, जारू, रवै अशा गमकांना वेगवेगळी चिन्हे योजली आणि ती स्वराक्षरांच्या माथ्यावर छापविली. ग्रंथ निघाल्यानंतर दोनच वर्षांनी ते वारले. मुदलियारांनी आपला आग्रह आणखी पाच-सात वर्षे लांबणीवर टाकला असता तर काय झाले असते, याचा विचार आमच्या मनात पुष्कळदा येतो.

त्याच 1904 साली एक मुंबईकर वकील दक्षिणेच्या प्रवासास निघाले होते. त्यांनी एट्टयपुरम् गाठून सुब्बराम दीक्षितांची भेट घेतली. ते म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे. पुढे त्यांनी आपल्याकडील उस्तादांच्या घरोघर जाऊन बंदिशी मिळविल्या, त्या लिहिल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत छापल्या, हे तुमच्या संगीत शिक्षकांनी तुम्हांस सांगितलेच असेल. दोघांचा उद्योग एकाच जातीचा.

आता विद्यार्थी म्हणेल, 'झाले तर! ग्रंथ आहे, चिन्हे आहेत. आता गुरू कशाला?' या शंकेला सुब्बराम दीक्षितांच्या घरानेच उत्तर दिले आहे. त्यांचे पुत्र अंबी दीक्षित मद्रासला येऊन राहिले. छापलेला ग्रंथ हाताशी असतानाही लोक त्यांच्यापुढे बसून कृती तोंडीच शिकत. टी. एल्. वेंकटराम अय्यर, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, ते त्यांचे शिष्य. विख्यात गायिका डी. के. पट्टम्माळ यांनीही त्यांच्याकडून कृती घेतल्या. कायद्याच्या पुस्तकांत ज्याचा जन्म गेला त्या माणसाला लिखित शब्दाची किंमत काय कमी असेल? तरीही तो गुरूसमोर जाऊन बसला.

ग्रंथात आलेल्या कृतींची ही कथा. ज्या ग्रंथात फारशा आल्याच नाहीत, त्या रचनांची कथा याहून नाजूक आहे. सतराव्या शतकात क्षेत्रय्या नावाचा एक तेलुगू कवी होऊन गेला. मुव्व गावच्या गोपालाला उद्देशून त्याने 'पदे' रचली. पद म्हणजे अतिशय संथ लयीत गायिले जाणारे, नायिकेच्या मुखातून बोलणारे गीत. नर्तकी त्यावर अभिनय करीत. मदुरेच्या, तंजावरच्या आणि गोवळकोंड्याच्या दरबारी त्याने मिळून चार हजारांहून अधिक पदे रचली, असे त्याच्याच एका पदात सांगितले आहे. त्यांपैकी शब्दरूपाने आज काहीशेच उरली आहेत, आणि चालीसह तर त्याहूनही कितीतरी थोडी. तेलुगू देशात जन्मलेली ही पदे मुख्यतः जगली ती तमिळ देशातील नर्तकींच्या व गायिकांच्या कुळांत.

येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. ही कुळे मंदिराशी व दरबाराशी बांधलेली होती. समाजाने त्यांच्या विद्येचा आनंद लुटला आणि त्यांना मात्र उंबरठ्याबाहेर ठेवले. गोमंतकातही हेच घडले. ज्या घरांतून केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका पुढे आल्या, त्या घरांविषयी आमच्या लहानपणीही वडीलधारी मंडळी आवाज खाली आणून बोलत. तो खाली आलेला आवाज आम्हांस आज लाजिरवाणा वाटतो.

मद्रासच्या वीणा धनम्माळ (1867-1938) अशाच एका कुळातील. वीणेवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते. दीक्षितांच्या कृती त्यांनी सात्तनूर पंचनद अय्यर यांच्याकडून घेतल्या. क्षेत्रय्याची पदे बालदास नायडू नावाच्या एका अंध गायकाकडून मिळविली. उतारवयात त्यांची स्वतःचीही दृष्टी गेली. तरी शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी वीणा वाजे, आणि मोठमोठे विद्वान गुपचूप येऊन ऐकत बसत. त्यांच्या नाती टी. बृंदा (1912-1996) व टी. मुक्ता (1914-2007) यांनी हा ठेवा पुढे चालविला. तिसरी नात बालसरस्वती हिने तो नृत्यात उतरविला. बृंदांच्या गळ्यातील पदे घेण्यासाठी रामनाड कृष्णन् यांच्यासारखे नावाजलेले गवईही त्यांच्यापुढे शिष्य होऊन बसले. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम लहान असताना बृंदा तेथे येऊन मुक्काम करीत आणि शिकवीत. त्याच अरुणाबाई पुढे आपले अभंगही दक्षिणेच्या सभांतून गाऊ लागल्या, हे मराठी घरांत पुष्कळांना ठाऊक आहे. बृंदांच्या शिकवणीत वहीला फारसे स्थान नव्हते. समोर बसायचे, त्यांनी ओळ गायची, आपण म्हणायची. जुळेपर्यंत पुन्हा तीच ओळ.

ही रीत किती कठीण असते, हे आम्ही पुस्तकात वाचून लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत कुंभकोणम्‌कडील एक वृद्ध बाई आपल्या मुलाकडे राहावयास आल्या होत्या. सर्वजण त्यांना 'अम्मा' म्हणत. एके दिवशी सायंकाळी त्यांच्या खिडकीतून गाणे ऐकू आले, आणि आम्ही धीर करून दार ठोठावले. त्यांना मराठी येत नव्हते, आम्हांस तमिळ येत नव्हते. मोडक्या कन्नडात व्यवहार चाले. त्यांनी आम्हांस तोडी रागातील एक जुने तेलुगू पद शिकविण्याचे कबूल केले. अट एकच: लिहावयाचे नाही आणि मोबाइलवर मुद्रितही करावयाचे नाही. "मास्तर, आधी कान," एवढेच त्या म्हणत.

पहिले तीन आठवडे एकच ओळ चालली. ताल सात मात्रांचा, तीन आणि चार असा. तो हाताने द्यावयाचा. लय इतकी संथ की दोन टाळ्यांच्या मधल्या जागेत मन भटकून परत येई. आम्ही शब्द नेमका टाळीवर ठेवीत असू, आणि अम्मा मान हलवीत. शब्द टाळी पडून गेल्यावर, किंचित उशिराने, जणू बोलावे की न बोलावे अशा संकोचाने यावयास हवा होता. हा 'किंचित' किती, हे मोजून सांगता येत नाही. त्यांनी ते पंचवीस वेळा गाऊन दाखविले. सव्विसाव्या वेळी आमच्याकडून अकस्मात साधले, आणि त्या खुदकन हसल्या. गंधाराचे तर विचारूच नका. आमचा कान भैरवीवर वाढलेला. आम्ही गंधारावर जाऊन स्वस्थ बसत असू, आणि अम्मा हाताने झोपाळा हलविल्याची खूण करीत.

चार महिन्यांत पल्लवी व अनुपल्लवी बसली. चरण उरला. तेवढ्यात वार्षिक परीक्षा आल्या. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले, आणि आम्ही अम्मांना सांगितले की चरण आता मे महिन्यात घेऊ. त्यांनी थोडा विचार केला व म्हणाल्या की आज निदान वही काढा. आजवर कधी न दिलेली ती परवानगी ऐकून आम्ही खूश झालो! त्यांनी चरणाचे सर्व स्वर व शब्द सावकाश सांगितले, आम्ही उतरवून घेतले, आणि काम अर्धे झाले असे समजून गुण देण्याच्या उद्योगास लागलो. एप्रिलच्या अखेरीस मुलाची बदली झाली व ते कुटुंब गावी गेले. जूनमध्ये त्याने अम्मा गेल्याचे कळविले.

आम्ही शिकलो ते पद कोणी प्रसिद्ध गायिकेने गायिल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. कदाचित कुंभकोणम्‌कडे आणखी कोणाला ते येतही असेल. दोन मे महिन्यांच्या सुट्ट्या आम्ही त्या चौकशीत घालविल्या, आणि येत्या सुट्टीतही जाणार आहोत. तोवर पल्लवी व अनुपल्लवी रोज पहाटे एकदा म्हणतो, म्हणजे तो 'किंचित' उशीर तरी हातचा जाऊ नये.

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत यावे. चरणाची वही आमच्या कपाटात आहे. अक्षर सुवाच्य आहे, एकही स्वर गाळलेला नाही, मात्रांच्या खुणाही बिनचूक आहेत. त्याला हार्मोनियम उत्तम वाजविता येते. त्याने तो चरण वाजवावा, आम्ही ऐकू. आम्ही स्वतः अनेकदा वाजवून पाहिला आहे, आणि दर वेळी भैरवीच निघाली आहे.