अवटू ग्रंथी आणि तिचा लगाम

१९१२ साली फ्रीडरिख गुडरनाच या शास्त्रज्ञाने एक विलक्षण प्रयोग केला. बेडूकमाशांना, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिलांना, त्याने घोड्याच्या अवटू ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले. काही दिवसांतच त्यांना पाय फुटले, शेपटी आखडत गेली आणि वेळेच्या कितीतरी आधी त्यांचे इवलेसे बेडूक झाले. त्यांची वाढ थांबली होती, रूपांतर मात्र घाईघाईने उरकले. या ग्रंथीत असे कोणते द्रव्य होते?

ते द्रव्य म्हणजे थायरॉक्सिन हे संप्रेरक. १९१४ साली केंडॉल यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडिनाचे चार अणू असतात. गळ्यात श्वासनलिकेच्या पुढच्या बाजूला, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी बसलेली आपली अवटू ग्रंथी वजनाने अवघी १५ ते २० ग्रॅम भरते. रक्तातील आयोडिन वेचून घेऊन त्यापासून ती हे संप्रेरक तयार करते आणि थेट रक्तात सोडते. लाळग्रंथीला नलिका असते, तशी हिला नसते.

रक्त तर सर्व शरीरभर फिरते. मग संप्रेरकाला आपले काम कोठे आहे हे कसे कळते? खरे म्हणजे त्याला काहीच कळत नाही. ज्या पेशींत त्याला जुळणारी ग्राही प्रथिने असतात, त्याच पेशी त्याला दाद देतात. इन्शुलिनची ग्राही प्रथिने पेशीच्या बाहेरच्या पटलावर असतात. थायरॉक्सिनची कथा निराळी. ते पेशीच्या आत शिरते, तेथे त्याचा एक आयोडिन अणू काढून घेतला जातो, आणि उरलेला तीन आयोडिनांचा अधिक प्रभावी रेणू केंद्रकातील ग्राही प्रथिनाला जाऊन चिकटतो. मग काही जनुके चालू होतात, काही मंदावतात. म्हणूनच त्याचा परिणाम सावकाश दिसतो, पण पुष्कळ काळ टिकतो. शरीरातील उष्णतेची निर्मिती, हृदयाची गती, हाडांची वाढ आणि बाळाच्या मेंदूची घडण ही सारी त्याच्यावर अवलंबून असतात.

आता मुख्य प्रश्न. हे संप्रेरक किती तयार करायचे, हे कोण ठरवते?

गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी वर चढले की तरंगणारा गोळा उचलला जातो आणि नळ बंद होतो. पाणी उतरले की नळ पुन्हा सुरू. शरीरातील व्यवस्था याच जातीची आहे, फक्त येथे वरिष्ठ दोन आहेत. मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस पोष ग्रंथीला रासायनिक निरोप पाठवतो. पोष ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडते, आणि टीएसएच अवटू ग्रंथीला कामाला लावते. रक्तात थायरॉक्सिन पुरेसे झाले की तेच उलट वर जाऊन या दोन्ही वरिष्ठांना आवरते. कार्याच्या फळानेच कार्याला लगाम घालावा, या रचनेला ऋण प्रतिसंभरण म्हणतात. अधोथॅलॅमसचा तो निरोप म्हणजे नेमके कोणते रसायन, हे गिलेमिन आणि शॅली यांच्या प्रयोगशाळांनी १९६९ साली उलगडले. १९७७ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता.

हा लगाम समजला की गलगंडाचे कोडे सुटते. आहारात आयोडिन कमी पडले की थायरॉक्सिन घटते. मग तर ग्रंथी लहान व्हायला हवी. प्रत्यक्षात ती फुगते! कारण थायरॉक्सिन घटले की पोष ग्रंथीवरचा लगाम सुटतो, टीएसएच वाढत जाते आणि अवटू ग्रंथीला सारखे हुकूम मिळत राहतात. कच्चा मालच नाही, तर बिचारी ग्रंथी काय करणार? ती पेशी वाढवते. गळ्यावर दिसणारी गाठ ही तिच्या निष्फळ धडपडीची खूण आहे.

हिमालयाच्या पायथ्याशी हा रोग पिढ्यान्‌पिढ्या होता, कारण तेथील मातीत आयोडिन फार कमी आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली कांगडा खोऱ्याचे तीन विभाग पाडले. दोन विभागांत आयोडिनयुक्त मीठ दिले, तिसऱ्यात साधे. १९६२ पर्यंत पहिल्या दोन विभागांत गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. तिसऱ्यात ते जवळजवळ जैसे थे राहिले. मग तिसऱ्या विभागालाही ते मीठ देण्यात आले आणि तेथेही रोग हटू लागला. त्याच वर्षी राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

गाठ डोळ्यांना दिसते, म्हणून तिची चर्चा होते. खरे नुकसान दिसत नाही. गर्भारपणी आईला आयोडिनाची तीव्र उणीव असेल, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ती हानी पुढे भरून निघत नाही. काही बाळांत तर ग्रंथीच नीट घडलेली नसते. अशा बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच मोजले आणि पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू केले, तर ते इतर मुलांसारखेच वाढू शकते.

गरज तरी केवढी? प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी सुमारे ४ ग्रॅम. चहाचा चमचासुद्धा भरणार नाही! आपल्याकडे घरी पोहोचणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडिन असावे असा दंडक आहे. म्हणजे १० ग्रॅम मिठातून किती मिळेल, ते तुम्हीच काढा. (मीठ झाकणाच्या बरणीत ठेवावे, दमटपणाने आयोडिन कमी होते.)

आता रक्त तपासणीचे तीन अहवाल पाहा. पहिल्यात थायरॉक्सिन कमी आणि टीएसएच जास्त आहे. दुसऱ्यात थायरॉक्सिन जास्त आणि टीएसएच अगदी कमी. तिसऱ्यात दोन्ही कमी. पहिल्या दोघांत बिघाड अवटू ग्रंथीच्या कामात आहे. तिसऱ्यात तो कोठे असेल? वहीत तिन्ही पायऱ्यांची आकृती काढा आणि बाणांवरून शोधा.