‘पैशांचं आम्ही बघू’ म्हणण्याआधी

कॅनडातल्या आई-बाबांनो, लेक अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलचे अर्ज भरायला बसली की आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘तू अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघू.’ त्यामागची माया मला कळते. पण अर्ज जाण्याआधी या शब्दांचा हिशेब कागदावर मांडा, अशी कळकळीची विनंती आहे.

अमेरिकेतल्या बऱ्याच खासगी मेडिकल स्कूलमध्ये फी आणि राहण्या-खाण्याचा मिळून वर्षाचा खर्च एक लाख अमेरिकी डॉलरच्या आसपास जातो. चार वर्षांचे चार लाख, म्हणजे आपले साधारण साडेपाच लाख कॅनेडियन डॉलर. तिथलं सरकारी शैक्षणिक कर्ज अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं, आपल्या मुलांना नाही. खासगी कर्जालाही बहुधा तिथलाच जामीनदार लागतो. राहते कॅनडातल्या बँकेची ‘लाइन ऑफ क्रेडिट’. तिची मर्यादा बऱ्याचदा साडेतीन लाखांच्या आसपास असते, तीही कॅनेडियन डॉलरमध्ये. अमेरिकी डॉलर वधारला की तेवढ्याच पैशांत कमी फी भरली जाते. ओंटारियोत ‘ओसॅप’ या सरकारी विद्यार्थी योजनेची मदत मिळाली, तरी मोठी रक्कम उभी करायची राहतेच.

काही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याकडून एका वर्षाचा, तर काही चारही वर्षांचा खर्च आगाऊ एस्क्रो खात्यात, म्हणजे फीसाठी राखून ठेवलेल्या खात्यात, ठेवायला सांगतात. काही मात्र कॅनेडियन मुलांना अमेरिकी मुलांसारखंच वागवतात. हा फरक प्रवेश मिळाल्यावर कळून उपयोग नाही. आर्थिक मदत कुणाला मिळते, हेही प्रत्येक कॉलेजला लेखी विचारा आणि मगच यादी करा.

उरलेली रक्कम कुठून आणायची? मुलांच्या शिक्षणासाठीच्या ‘आरईएसपी’ बचत खात्यात शिल्लक असेल तर ती परदेशी विद्यापीठासाठीही वापरता येते. निवृत्तीसाठीच्या ‘आरआरएसपी’तून शिक्षणासाठी बिनकराचे पैसे काढण्याची सोय मात्र स्वतःसाठी किंवा जोडीदारासाठी आहे, मुलांसाठी नाही. पुण्याचा फ्लॅट विकायचा विचार असेल, तर अनिवासी भारतीयाला भारतातल्या बँकेतल्या एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. पण आधी भारतातला कर भरावा लागतो आणि कागदपत्रांत महिने जातात.

कर्जाला जामीनदार म्हणून सही करणार असाल, तर व्याजाचाही विचार करा. पाच लाखांवर पाच टक्क्यांनी महिन्याला दोन हजारांहून जास्त नुसतं व्याज होतं. लेक डॉक्टर झाली तरी पुढची काही वर्षं रेसिडेन्सीच्या पगारावर जातात. जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी केली, तर त्यानंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट सहसा असते. कर्ज कोणत्या देशातल्या कमाईतून फिटणार, हे म्हणूनच आधी बोलून घ्यावं लागतं.

हे सगळं मुलांपासून लपवू नका. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांना आकडे समजतात. आपण किती देऊ शकतो, राहतं घर आणि निवृत्तीची पुंजी यांना हात लावणार का, कर्ज कुणाच्या नावावर राहील, हे त्यांच्यासमोर बसून ठरवा. अर्जांचं काम मे महिन्यात सुरू होतं. त्याआधी हे बोलणं झालंच पाहिजे.