जेरुसलेम : श्रद्धेचे आणि सत्तेचे

द्वितीय वर्ष, कला शाखा

जेरुसलेमविषयी वर्तमानपत्रांत इतके छापून येते की, तो दूरच्या लोकांचा प्रश्न आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटू लागते. परंतु कुंडलिकेच्या एका तीरावरचे रोहे आणि दुसऱ्या तीरावरची अष्टमी ही दोन्ही नावे बेने इस्रायल समाजाच्या आडनावांत आहेत. रोहेकर, अष्टमकर, पेणकर, किहीमकर ही सारी आपल्याच जिल्ह्यातील ज्यूंची आडनावे. म्हणून या नगरीचा विचार आपण रोह्यात बसूनही करू शकतो. किंबहुना येथून पाहिल्यास त्या वादातील एक गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. ती अशी की, श्रद्धेचे जेरुसलेम आणि सत्तेचे जेरुसलेम या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

प्रथम श्रद्धेचा विचार करू. जेरुसलेमचे तटबंदीतील जुने शहर एक चौरस किलोमीटरही भरत नाही. तेवढ्या जागेत तीन धर्मांची अत्यंत पवित्र स्थाने आहेत. ज्यूंचे दुसरे मंदिर रोमन सैन्याने इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त केले. त्या मंदिराच्या आवाराची पश्चिमेकडील भिंत आज त्यांचे प्रार्थनास्थान आहे. येशूला जेथे क्रुसावर चढवले व पुरले असे ख्रिस्ती लोक मानतात, तेथे चौथ्या शतकापासून चर्च आहे. मुसलमानांनी आरंभी नमाज जेरुसलेमकडे तोंड करून पढला. मक्केची दिशा त्यानंतर ठरली. पैगंबरांच्या स्वर्गारोहणाची श्रद्धा याच जागेशी निगडित आहे. तेथील घुमटाची वास्तू सातव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली आणि तिच्याजवळच अल्-अक्सा मशीद आहे. आपल्या देशाचेही तेथे एक ठिकाण आहे. सूफी संत बाबा फरीद यांच्या नावाशी जोडलेली हिंदी यात्रेकरूंची धर्मशाळा जुन्या शहरात आजही उभी आहे.

श्रद्धेचा गुण असा की, ती एकाच जागी अनेकांची असू शकते. एकाने नमस्कार केला म्हणून दुसऱ्याचा नमस्कार बाद होत नाही. सत्तेचे तसे नसते. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हा प्रश्न आला की वाटणी आली, आणि वाटणी आली की भांडण आले.

राजकीय इतिहास हेच सांगतो. १९१७ साली ब्रिटिशांनी हे शहर तुर्कांकडून घेतले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला. जेरुसलेम ज्यू राज्यालाही नको आणि अरब राज्यालाही नको, ते आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली राहावे, अशी त्यात तरतूद होती. भारताने फाळणीच्या विरुद्ध मत दिले होते. पुढे युद्ध झाले आणि शहर दुभंगले. पश्चिम भाग इस्रायलकडे गेला. जुन्या शहरासह पूर्व भाग जॉर्डनकडे गेला. १९६७ पर्यंत ज्यूंना आपल्या भिंतीपाशी जाता आले नाही. त्या वर्षी जूनच्या युद्धात इस्रायलने पूर्व भाग जिंकला. त्यानंतर भिंतीसमोर मोकळे पटांगण करण्यासाठी मोरोक्कन मुसलमानांची जुनी वस्ती पाडण्यात आली. एकाला वाट मिळाली ती दुसऱ्याचे घर मोडून.

१९८० मध्ये इस्रायलने संपूर्ण जेरुसलेम ही आपली राजधानी असल्याचा कायदा केला. सुरक्षा समितीने ४७८ क्रमांकाच्या ठरावाने तो अवैध ठरविला. पॅलेस्टिनी लोक पूर्व जेरुसलेमला आपल्या राज्याची राजधानी मानतात. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने इस्रायलची बाजू मान्य केली, तेव्हा राष्ट्रसंघाच्या आमसभेत १२८ राष्ट्रांनी त्याविरुद्ध मत दिले. त्यांत भारतही होता. याच भारताने १९५० साली इस्रायलला मान्यता दिली होती, १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला दिली आणि १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात जोडपी वाचली. हे लोक कुलाबा जिल्ह्याच्या गावोगाव पसरले व तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांची घरची भाषा मराठी. त्यांनी बायबलातील कथांवर मराठीतून कीर्तने केली. वल्हांडणाच्या सणाचा विधी १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. पुढील वर्षाचा सण जेरुसलेमात घडो, अशी इच्छा त्या विधीच्या शेवटी व्यक्त होते. कोकणातल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या हे म्हटले गेले. पण म्हणून कोणी तेथील जमिनीवर दावा लावला नाही. त्यांचा एलियाहू संदेष्टा अलिबागजवळच्या खंडाळ्यात प्रकटला, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्याच्या नावाने पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा ते येथेच करीत.

१८९७ साली बाझल येथे पहिली झायोनिस्ट परिषद भरली. तिचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलांकडेही आले, परंतु त्यांनी ते स्वीकारले नाही. आपले परतणे ईश्वराच्या हातून होईल, अशी त्यांची धारणा होती. श्रद्धा आणि राजकारण यांतील भेद त्यांनी इतक्या लवकर ओळखला होता.

१९४८ नंतर चित्र पालटले. इस्रायल राष्ट्र झाले आणि आपल्या भागातील हजारो माणसे तिकडे गेली. परंतु तेथे त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेण्यात आली. इतर ज्यूंशी त्यांचा विवाह लावण्यापूर्वी पूर्वजांची चौकशी करावी, असे आदेश १९६० नंतरच्या काळात तेथील धर्मपीठाने काढले. ज्या नगरीचे नाव त्यांनी शतकानुशतके घेतले, त्याच नगरीत १९६४ साली त्यांना धरणे धरावे लागले. अखेर त्या वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत, असे जाहीर केले.

या प्रसंगाचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. सत्ता हाती आली की ती प्रथम ‘आपला कोण’ हे ठरवू लागते आणि मग परका तर परकाच, पण घरचा माणूसही दाराशी अडवला जातो. घाण्यावरचा शनिवार ज्याने पाळला, त्याला नवगावात कोणी दाखला मागितला नव्हता. तो मागितला गेला सत्तेच्या कचेरीत.

वर्गात वा एस. टी. स्टँडवर जेरुसलेमचा विषय निघाला की आपण चटकन बाजू घेतो. कोणी धर्माकडे पाहून घेतो, कोणी पक्षाकडे पाहून. त्यापूर्वी एवढे जरी विचारले की, समोरचा मनुष्य श्रद्धेविषयी बोलत आहे की मालकीविषयी, तरी निम्मा गोंधळ दूर होईल. श्रद्धेपुढे वाद घालण्याचे कारण नाही. तिचा मान राखावा. मालकीचा दावा मात्र कायदा, करार आणि तेथे राहणाऱ्या माणसांचे हक्क यांवर तपासावा. मग तो दावा कोणाचाही असो, आणि त्यासाठी कोणत्याही देवाचे नाव घेतलेले असो.