दप्तरातली तलवार : या आठवड्याचा कौटुंबिक स्वाध्याय



स्नेहसंमेलनांचे दिवस जवळ आले की आपल्या कुटुंब-गटांवर एक प्रश्न हमखास येतो. या वेळी तो बेळगावच्या एका ताईंनी विचारला. मुलगा दुसरीत आहे, संमेलनात मावळा झालाय, आणि शाळेचा निरोप आलाय की खेळण्यातली तलवार, बंदूक, धनुष्यबाण यातलं काहीही आणायचं नाही. घरात आजोबा नाराज. बिनतलवारीचा मावळा म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. आईला शाळेचं पटतं. गटावर दोन दिवस दोन्हीकडून पुष्कळ लिहून झालं. कुणी संस्कृतीवर घाला म्हणालं, कुणी हिंसेचं बीज म्हणालं. इतकं मोठं बोलण्याआधी थोडं बारकाईनं बघूया.

पहिली गोष्ट, मुलं लढाई-लढाई खेळतातच. घरात कधी बंदूक आणलेली नसली तरी चार वर्षांचं पोर पोळीचा तुकडा कुरतडून "ठो" करतं. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात सात वर्षांच्या एका मुलानं नाश्त्याची वडी चावून चावून तिला पिस्तुलासारखा आकार दिला, म्हणून शाळेनं त्याला दोन दिवस घरी बसवलं. आपल्यापैकी अनेकांची नातवंडं तिकडच्या शाळांत आहेत, त्यांना हा कडकपणा ठाऊक असेल. तिथल्या शाळांत खरे गोळीबार झालेले आहेत, त्यामुळे भीती खोटी नाही. पण खाऊच्या आकाराला शिक्षा करून कुणाचं रक्षण झालं, हे आम्हाला तरी समजलेलं नाही. लंडनच्या शिशुशाळांत काम केलेल्या पेनी हॉलंड यांनी २००३ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं. सरसकट बंदीनं खेळ थांबत नाही, तो लपून होतो आणि काही मुलांच्या वाट्याला दिवसभर फक्त "नको, नको" येतं, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. आपल्या आज्यांनाही हे माहीत होतंच. खेळातल्या लढाईत मेलेला लगेच उठतो, दोघं हसतात, मघाचा राजा आता चोर होतो. एकच मूल पुन्हा पुन्हा खाली पडत असेल आणि हसत नसेल, तर तो खेळ उरलेला नाही. मोठ्यांनी लक्ष ठेवायचं ते यावर.

म्हणून खेळायला आमचा विरोध नाही. पण हातात काय आहे, याकडे डोळेझाकही चालणार नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना २०२५ ची दिवाळी आठवत असेल. पाइपच्या तुकड्यांची 'कार्बाइड गन' रस्त्यावर दीड-दोनशे रुपयांत मिळत होती आणि तिचे रील मोबाइलवर फिरत होते. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की अॅसिटिलीन वायू तयार होतो, आणि ठिणगी मिळाली की त्याचा स्फोट. बार उडाला नाही म्हणून मुलं पाइपमध्ये डोकावून बघायची आणि नेमका तेव्हाच भडका उडायचा. मध्य प्रदेशात शंभरावर लोक डोळ्यांना इजा होऊन रुग्णालयात गेले. त्यांत मुलं फार होती, आणि काहींची दृष्टी गेली. तिला सगळे खेळणंच म्हणत होते. तेव्हा नावावर जाऊ नका. ज्यातून छर्रा, बाण, ठिणगी किंवा वायू बाहेर पडतो ते शाळेतच काय, घरीही मुलाच्या हाती एकट्याला द्यायचं नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. जत्रेतल्या छर्र्यांच्या बंदुकीवर ती आहे का, ते उलटून बघा. विकणारा चिडला तर चिडू दे.

आता शाळा. घरी दोन मुलं आणि एक आजी असते. वर्गात चाळीस मुलं आणि एक बाई. प्लॅस्टिकच्या तलवारीचं टोक सुद्धा डोळ्यात जायला वेळ लागत नाही, आणि बाई तेव्हा फळ्याकडे वळलेल्या असतात. शिवाय ज्याच्याकडे चमकती तलवार तो सेनापती आणि ज्याच्याकडे नाही तो प्यादा, हे दहा मिनिटांत ठरून जातं. लांबून बंदूक खरी की खोटी, हे ओळखण्याची जबाबदारी आपण त्या बाईंवर का टाकायची?

महाभारतात याला फार सुंदर दाखला आहे. विराटाच्या नगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रं शमीच्या झाडावर बांधून ठेवली. ती त्यांनी मोडली नाहीत, फेकली नाहीत. जिथं वेगळ्या नात्यानं राहायचं होतं तिथं ती न्यायची नव्हती, इतकंच. वेळ आली तेव्हा अर्जुनानं उत्तराला झाडावर चढवून गांडीव काढून घेतलं. दसऱ्याला आपण शमी पूजतो, ही गोष्ट मुलांना सांगतो आणि पुढे गांडिवाच्या टणत्कारावर जातो. झाडावर ठेवण्याचा भाग मात्र घाईत उरकतो. शाळेच्या फाटकाशी प्रत्येक मुलाची एक शमी असायला काय हरकत आहे?

शस्त्र शिकण्याची आपली परंपराही हेच सांगते. द्रोणाचार्यांनी राजपुत्रांची परीक्षा घेतली ती कारागिरांकडून करवलेल्या खोट्या पक्ष्यावर, आणि स्वतः शेजारी उभं राहून. फरी-गदका घ्या. धातूच्या तलवारीऐवजी चामड्यानं मढवलेली काठी, म्हणजे शिकताना समोरच्याला लागू नये हा विचार त्यातच आहे. बडोद्याच्या मंडळींना जुम्मादादा व्यायाममंदिर सांगायला नको. जुम्मादादा मुसलमान उस्ताद, त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव, आणि आखाडा आजही गुरूच्या नावानं ओळखला जातो. मुलाला खरंच आवड असेल तर आजोबांनी त्याला बोट धरून अशा एखाद्या आखाड्यात न्यावं. बाजारातल्या तलवारीपेक्षा तो खर्च आम्हाला योग्य वाटतो.

जुम्मादादांवरून एक विषय काढावाच लागेल. गटावर तो कुणी काढला नाही, आणि आमच्या मते सगळ्यात मोठा तोच आहे. मावळे झाले, मग गनीम कोण होतं? आपण बेळगाव, हैदराबाद, गोवा, ग्वाल्हेर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहतो. आपल्या मुलांच्या वर्गात कानडी, तेलुगू, कोकणी, हिंदी बोलणारी मुलं आहेत, मुसलमान आणि ख्रिस्ती आहेत. मधल्या सुट्टीत लढाई रंगते आणि शत्रू व्हायची पाळी दर वेळी त्या एकाच नावाच्या मुलावर येते. त्याच्या अंगाला काहीही लागलेलं नसतं, पण तो घरी जाऊन सांगतो की मला शाळेत जायचं नाही. अशा वेळी तलवार पुठ्ठ्याची होती, हे उत्तर पुरत नाही. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, पन्हाळ्याच्या वेढ्याच्या वेळी महाराजांच्या बाजूनं सिद्दी हिलाल लढला. मुलांना ही नावं माहीत नसतील तर ती आपण सांगितली नाहीत, म्हणून. लढाई खेळायची तर बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दुसऱ्या डावात बदला.

बेळगावच्या ताईंना आमचं सांगणं असं. शाळेचा नियम पाळायचाच, आणि मुलासमोर शाळेला नावं ठेवायची नाहीत. पण वर्गशिक्षिकेला भेटून नम्रपणे विचारता येईल, की पुठ्ठा आणि चांदीचा कागद घेऊन मुलांनी हस्तकलेच्या तासाला तलवारी केल्या तर चालेल का? टोक गोल ठेवायचं. सगळ्या तलवारी एका खोक्यात शाळेतच राहतील, रंगमंचावर जाताना हातात मिळतील, उतरताना परत जमा होतील. बाई नाही म्हणाल्या तर मावळ्याच्या हाती भगवा किंवा ढाल द्या. ढालकरी काही कमी मावळा नव्हता, हे आजोबाच नातवाला छान रंगवून सांगू शकतील.

या गुरुवारी उपासनेनंतर दहा मिनिटं मुलांसाठी ठेवा. आधी त्यांना शमीची गोष्ट सांगा, मग विचारा : तुमच्या खेळात शत्रू कोण होतं, आणि त्याला व्हायचं असतं का? मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही, आजोबांनीसुद्धा. मग घरातली सगळी खेळण्यातली शस्त्रं जमिनीवर मांडा. कुठलं फक्त घरात, कुठलं मोठ्यांसोबत मैदानात आणि कुठलं टाकून द्यायचं, हे मुलांनाच ठरवू द्या. त्यांनी काय ठरवलं ते शनिवारपर्यंत गटावर लिहून पाठवा. मुलांचे फोटो नकोत, त्यांचे शब्द पुरेत.